मेजर मोहरकर : मृत्यूच्या बातमीआधीची बत्तीस वर्षं

२३ डिसेंबर २०१७, शनिवार. राजौरी जिल्ह्यातल्या केरी सेक्टरमध्ये नियंत्रण रेषेजवळ शीख रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियनची तुकडी गस्तीवर होती. दुपारी पलीकडून गोळीबार झाला. त्यात लान्स नायक गुरमेल सिंग, लान्स नायक कुलदीप सिंग आणि शिपाई परगट सिंग यांना वीरमरण आलं. त्यांच्याबरोबर गेले मेजर प्रफुल्ल अंबादास मोहरकर. वय ३२, गाव पवनी, जिल्हा भंडारा.

त्या दिवशी युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. भारत-पाकिस्तानमध्ये नोव्हेंबर २००३ पासून शस्त्रसंधी होती, पण ती कागदावरच उरली होती. सुमारे ७४० किलोमीटरच्या या रेषेवर गोळीबार ही रोजची बाब झाली होती. फेब्रुवारी २०२१ मध्ये दोन्ही सैन्यांनी शस्त्रसंधी पाळायचं नव्याने ठरवलं. मधल्या वर्षांत तिथे ज्यांनी जीव गमावला, त्यांच्या लढाईला पानिपत किंवा कारगिलसारखं नाव नाही. त्यामुळे ती माणसं लवकर विस्मरणात जातात.

मोहरकरांचं पवनी भंडारा जिल्ह्याच्या दक्षिणेला, तर आमचं सिहोरा उत्तर टोकाला. सिहोरा-तुमसर पट्ट्यात पहाटे रस्त्याच्या कडेने भरतीसाठी धावणारी पोरं दिसतात. जवान कसं व्हायचं, किती मिनिटांत किती धावायचं, छाती किती फुगली पाहिजे, हे त्यांना तोंडपाठ असतं. अधिकारी कसं होतात, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. बारावीनंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) परीक्षा देता येते, पदवीनंतर सीडीएसची (संयुक्त संरक्षण सेवा). लेखी परीक्षेत पास झालं की सेवा निवड मंडळाची (एसएसबी) पाच दिवसांची मुलाखत. एनडीएत निवड झाली तर खडकवासल्याला तीन वर्षं आणि सैन्यासाठी पुढे डेहराडूनला एक वर्ष. मग खांद्यावर लेफ्टनंटचे दोन तारे लागतात. दोन वर्षांत कॅप्टन आणि एकूण सहा वर्षांच्या सेवेनंतर मेजर. पायदळात मेजरच्या हाताखाली साधारणपणे एक कंपनी असते, म्हणजे शंभराहून अधिक माणसं.

मला सगळ्यात मोठी वाटते ती पुढची गोष्ट. शीख पलटणीत आलेल्या मराठी अधिकाऱ्याला पंजाबी शिकावं लागतं. पलटणीच्या गुरुद्वाऱ्यात डोकं झाकून जवानांच्या रांगेत बसावं लागतं. ‘बोले सो निहाल’ची हाक त्याने दिली की ‘सत श्री अकाल’ असा प्रतिसाद येतो. जवानांचा जो धर्म, तोच अधिकाऱ्याचा, ही आपल्या सैन्याची जुनी रीत आहे. कोणाच्या बहिणीचं लग्न ठरलंय, कोणाच्या शेताचा वाद कोर्टात आहे, कोणाला रजा आधी द्यायची, हे सगळं अधिकाऱ्यालाच बघावं लागतं. धानाच्या मुलखातून गेलेला मुलगा गव्हाच्या मुलखातल्या माणसांचा साहेब होतो. तीच माणसं त्याच्या शेजारी गस्तीला चालतात आणि त्या शनिवारी त्याच्याबरोबर मरतातही.

अधिकाऱ्याने पुढे राहायचं, ही रीत जगभरच्या सैन्यांत आहे आणि तिची किंमतही मोजावी लागते. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यातले सुमारे १२ टक्के साधे सैनिक मारले गेले, तर अधिकारी सुमारे १७ टक्के. त्यांतलाच एक जेम्स इमर्सन. आयर्लंडच्या लाउथ परगण्यातला, वय २२, सेकंड लेफ्टनंट. ६ डिसेंबर १९१७ रोजी फ्रान्समध्ये कांब्रेजवळ त्याने शत्रूकडून चारशे यार्ड खंदक मोकळा केला. तो जखमी झाला होता. तरी पुढचा हल्ला आला तेव्हा आठ जणांना घेऊन खंदकाबाहेर उडी मारून त्याने तो उघड्यावर अंगावर घेतला. कंपनीतले बाकी सगळे अधिकारी पडले होते, म्हणून मलमपट्टीसाठी मागे जायला तो तयार होईना. तीन तास तो माणसांजवळच राहिला आणि पुढच्या हल्ल्यात गेला. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याची कबर सापडलेली नाही.

आयर्लंडला पुढे इमर्सनसारखी माणसं अवघड वाटू लागली. देश ब्रिटिशांशी लढून स्वतंत्र होत होता आणि ही पोरं ब्रिटिश गणवेशात मेली होती. तरी १९२३ मध्ये डब्लिनला महायुद्धात गेलेल्यांची आठ खंडांची नोंदवही छापली गेली. तिच्यात ४९ हजारांहून अधिक नावं आहेत आणि पानांच्या कडा हॅरी क्लार्क या चित्रकाराने सजवल्या आहेत. प्रती छापल्या फक्त शंभर. आपल्या इंडिया गेटचा वास्तुकार एडविन लटेन्स यानेच डब्लिनचं स्मारक-उद्यान आखलं. ते १९३० च्या दशकात उभं राहिलं, पण नंतर अनेक दशकं दुर्लक्षित पडलं. त्याचं रीतसर लोकार्पण व्हायला १९८८ साल उजाडलं. तोवर त्या मुलांना ओळखणारी पिढी जवळजवळ संपली होती.

आपल्याकडे अशी कुठलीच अडचण नाही. दिल्लीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक २५ फेब्रुवारी २०१९ रोजी खुलं झालं. स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं तिथे ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत कोरली आहेत. ते व्हायलाच हवं होतं. पण पाटीवर हुद्दा, नाव आणि पलटण एवढंच मावतं. बत्तीस वर्षांचं आयुष्य त्यात मावत नाही, आणि पहाटे धावणाऱ्या मुलाला तर नेमकं तेच हवं असतं. हा माणूस कुठल्या शाळेत शिकला, पहिल्यांदा नापास झाला होता का, घरी काय म्हणाले, पंजाबी कशी शिकला.

हे सांगू शकणारे शिक्षक, वर्गमित्र आणि पलटणीतले जवान आज हयात आहेत. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाने आणि आपल्या शाळांनी, वाचनालयांनी त्यांच्या आठवणी आत्ताच लिहून घ्याव्यात. पवनीच्या मोहरकरांपासून सुरुवात करावी आणि जिल्ह्यातल्या प्रत्येक हुतात्म्याची, जवानाचीही, अशी वही तयार करावी. घरच्यांची परवानगी घेऊन तिची एक प्रत सिहोऱ्याच्या शाळेतही ठेवावी.