पाव मैल झाला महाग

रस्त्यावर जीवघेण्या शर्यती लावणाऱ्या तरुणांना सुरक्षित धावपट्टी मिळावी, या हेतूने वॉली पार्क्स यांनी १९५१मध्ये अमेरिकेत 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' स्थापन केली. पाव मैलाच्या या ड्रॅग शर्यतीत पुढे सामान्य हौशी चालकाला टिकवून धरले ते 'ब्रॅकेट रेसिंग'ने. यात चालक आपल्या मोटारीला लागणारी वेळ आधीच जाहीर करतो आणि संथ मोटारीला तेवढ्या फरकाने आधी सोडले जाते. त्यामुळे घरची जुनी मोटारही महागड्या यंत्राला हरवू शकते. ही सोय आजही आहे; परवडेनासे झाले आहे ते बाकीचे. असोसिएशनच्या नियमांनुसार शर्यतीच्या मोटारीतील सुरक्षापट्टे, झिजले नसले तरी, ठरावीक मुदतीनंतर बदलावे लागतात. जिवाचा प्रश्न असल्याने त्याबद्दल तक्रार तरी कशी करणार? खरी अडचण जमिनीची आहे. शहरे वाढत धावपट्ट्यांपर्यंत पोहोचली. न्यू जर्सीतील इंग्लिशटाउन येथील शर्यती २०१८मध्ये, अटलांटाजवळच्या २०२१मध्ये, तर ह्यूस्टन व डेन्व्हरजवळच्या २०२३मध्ये थांबल्या. आता दूरच्या पट्टीवर जायचे तर ट्रेलर, डिझेल आणि मुक्कामाचा खर्च आलाच. तोही दहा-बारा सेकंदांच्या एका धावेसाठी.