दूरचित्रवाणीचा संच : किंमत किती, मोल किती?

पूर्वीं घरांत एखादी मोठी वस्तु यावयाची असली म्हणजे चार वडीलधाऱ्यांचें मत घेतलें जाई, चार दुकानें हिंडून पाहिलीं जात, आणि मगच पैशाची पिशवी सुटे. आज दुकान हातांतील फोनमध्यें आलें आहे, पैसे हप्त्याहप्त्यानें देण्याची सोय झाली आहे. विचार करावयास मिळणारा वेळ तेवढा कमी झाला आहे. दूरचित्रवाणीचा संच ही अशीच एक वस्तु होय. पडद्याचे इंच आणि जाहिरातींतील अक्षरें दरवर्षीं वाढत आहेत. या वाढीपैकीं पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत खरोखर किती पोंचतें, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारीत नाहीं.

एक उदाहरण घेतल्यास विषय सुलभ होईल. यवतमाळ जिल्ह्याच्या झरी-जामणी तालुक्यांत मुकुटबन नांवाचें गांव आहे. माजरीहून आदिलाबादकडे जाणारा लोहमार्ग या गांवावरून जातो. तेलंगणाची सीमा तेथून दूर नाहीं. भोंवतीं कापसाचीं शेतें, जमिनीच्या पोटांत कोळसा आणि चुनखडी, आणि २०२२ सालापासून सिमेंटचा एक मोठा कारखाना, असें या परिसराचें आजचें स्वरूप आहे. समजा, या गांवचा एक मुलगा पुण्यास नोकरी करतो. आईवडील गांवींच राहतात. वडिलांची सत्तरी उलटलेली. दुपार आणि सायंकाळ दूरचित्रवाणीपुढें जाते. मुलाच्या मनांत आहे कीं, दिवाळीला त्यांच्यासाठीं पंचावन्न इंचांचा भारी संच न्यावा आणि एच्. डी. वाहिन्यांची वर्गणी भरावी. हेतु उत्तम आहे. परंतु हेतु उत्तम असला म्हणजे खरेदीहि उत्तम होतेच असें नाहीं. असे पुत्र आणि अशा कन्या आज शहरोशहरीं आहेत. यास्तव हा हिशेब एकदां नीट मांडून पाहणें इष्ट आहे.

आपल्या देशांत दूरचित्रवाणीचा पहिला प्रयोग दिल्लीस १५ सप्टेंबर १९५९ रोजीं झाला. मुंबईचें केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, आणि १९८२ सालीं कृष्णधवल चित्राला रंग चढला. त्या काळापासून जें चित्र घरोघर दिसत आलें, त्यांत आडव्या रेघा ६२५ असत, आणि त्यांपैकीं प्रत्यक्ष चित्र ५७६ रेघांचें असे. आज ज्यास साधी, अर्थात् एस्. डी. वाहिनी म्हणतात, तिचें चित्र याच मापाचें आहे : रुंदींत ७२० आणि उंचींत ५७६, म्हणजे सुमारें सव्वाचार लाख बिंदु. पूर्ण एच्. डी. चित्र १९२० बाय १०८० बिंदूंचें, म्हणजे पावणेएकवीस लाख बिंदूंचें असतें. त्याच्याहि पुढचें, ज्यास बाजारांत ‘फोर-के’ म्हणतात, तें ३८४० बाय २१६० म्हणजे जवळजवळ त्र्याऐंशीं लाख बिंदूंचें. आंकडे पाहतां प्रत्येक पायरी चौपट-पांचपट उंच आहे. मग चित्रहि पांचपट चांगलें दिसावयास नको काय?

येथेंच डोळ्याचा संबंध येतो. मनुष्याच्या दृष्टीला एक सीमा आहे. निकोप डोळा एक अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन वेगळा ओळखूं शकतो. त्याहून बारीक असलेले दोन बिंदु त्याला एकच भासतात. दूरच्या निंबाचीं पानें निरनिराळीं न दिसतां नुसता हिरवा रंग दिसतो, त्याचें कारण हेंच. तात्पर्य, चित्रांत बिंदु किती आहेत यापेक्षां ते किती दुरून पाहिले जातात, हें अधिक महत्त्वाचें आहे.

या एका नियमावरून सारा हिशेब निघतो. पाहणारा पडद्याच्या उंचीच्या सुमारें सहापट अंतराच्या पलीकडे बसला असेल, तर साध्या चित्राचे बिंदुहि त्याला सुटे दिसत नाहींत, मग एच्. डी. मधील अधिक बारकावा त्याच्या कामाचा नाहीं. सहापटीच्या आंत जसजसें यावें, तसतसा एच्. डी. चा लाभ वाढतो, आणि उंचीच्या सुमारें सव्वातीनपट अंतरावर तो पुरा पदरांत पडतो. ‘फोर-के’चा बारकावा दिसावयास सुरुवात होते ती सव्वातीनपटीच्याहि आंत आल्यावर.

आतां फूटपट्टी घेऊन पाहावें. संचाचे इंच तिरके मोजतात, हें ध्यानांत ठेवलें पाहिजे. बत्तीस इंची पडद्याची उंची सुमारें ४० सेंटिमीटर. म्हणजे पावणेआठ फुटांच्या पलीकडे बसणाऱ्यास त्यावर एच्. डी. घेऊन बारकाव्याचा लाभ नाहीं. त्रेचाळीस इंची पडद्याला ही सीमा साडेदहा फुटांची, आणि पुरा लाभ साडेपांच फुटांवर. पंचावन्न इंचीला सीमा साडेतेरा फुटांच्या जवळपास, आणि पुरा लाभ सव्वासात फुटांवर. गांवाकडील घराच्या पुढच्या खोलींत वडिलांची खुर्ची पडद्यापासून नऊ फुटांवर आहे असें धरलें, तर बत्तीस इंची संचावर एच्. डी. वाहिनी घेणें जवळजवळ व्यर्थ. त्रेचाळीस इंचीवर थोडा लाभ. पंचावन्न इंचीवर बराच लाभ. ‘फोर-के’चा बारकावा मात्र नऊ फुटांवरून दिसावयास पडदा सुमारें सत्तर इंचांचा हवा. ज्या खोलींत तसा पडदा लावावा, त्या खोलींत मग पाहुण्यांना बसावयास जागा कोठें राहील?

पण हा झाला निकोप डोळ्याचा हिशेब. सत्तरी उलटलेल्या मनुष्याची दृष्टि अधू झालेली असणें साहजिक आहे. डोळ्यांच्या तक्त्यावरची जी ओळ बारा मीटरांवरून वाचतां यावी, ती सहा मीटरांवरून वाचावी लागत असेल, तर वर सांगितलेलीं सारीं अंतरें निम्मीं होतात. अशा दृष्टीला पंचावन्न इंची पडद्यावरहि पावणेसात फुटांच्या पलीकडे साधें चित्र आणि एच्. डी. चित्र यांत भेद उरत नाहीं. म्हणजे ज्यांच्यासाठीं एवढा खर्च करावयाचा, त्या वडिलांना नऊ फुटांवरच्या खुर्चींत त्याचा कांहींच पत्ता लागणार नाहीं. आणि तें ते बोलूनहि दाखविणार नाहींत, कारण मुलानें प्रेमानें आणलेली वस्तु आहे. यास्तव मुलानें दुकानांत जाण्यापूर्वीं वडिलांस नेत्रतज्ज्ञाकडे नेणें हें पहिलें कर्तव्य होय. चष्म्याचा नंबर बदलला असेल, किंवा मोतीबिंदु पिकला असेल. अंधत्व निवारणाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९७६ सालापासून चालू आहे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांत विनामूल्य होते. त्या एका उपायानें दूरचित्रवाणीचें चित्र तर स्पष्ट होईलच, पण नातवाचें मुख, औषधाच्या बाटलीवरील अक्षरें आणि अंधारांतली पायरी, हींहि स्पष्ट होतील. असें सामर्थ्य कोणत्याहि संचांत नाहीं.

दृष्टि ठीक झाली, अंतर मोजून झालें, म्हणजे मग चित्र कोठून येतें हें पाहावें. पडदा कितीहि सुंदर असला तरी आडांत नाहीं तें पोहऱ्यांत येणार नाहीं. एच्. डी. वाहिनीवर लागलेला जुना चित्रपट मूळच्या जुन्या प्रतीवरून घेतलेला असेल, तर तो ताणून मोठा केलेला असतो. त्यांत नवा बारकावा येत नाहीं. उलट क्रिकेटचा सामना, रानांतल्या प्राण्यांची चित्रफीत, किंवा नव्यानें चित्रित झालेली मालिका यांत भेद खरा असतो. शिवाय उपग्रहावरून अनेक वाहिन्या एकत्र पाठवितांना साध्या वाहिन्यांचें चित्र पुष्कळदां फार दाबून पाठविलें जातें, आणि मग धांवणाऱ्या खेळाडूभोंवतीं चौकडे उमटतात. अशा वेळीं एच्. डी. वाहिनी वरील अंतराच्या हिशेबापेक्षां थोडी सरस दिसते, हेंहि प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे. बातम्या आणि कीर्तन यांच्यासाठीं मात्र साधें चित्र पुरेसें होतें.

यापुढची गोष्ट क्षुल्लक आहे, पण तिच्यापायीं पुष्कळ घरीं पैसे वायां जातात. एच्. डी. दिसावयास चार गोष्टी एकत्र जुळाव्या लागतात : वाहिनी एच्. डी. ची, सेट टॉप बॉक्स एच्. डी. चा, पडदा एच्. डी. चा, आणि दोहोंना जोडणारी तार एच्. डी. एम्. आय्. ची. जुन्या पिवळ्या-तांबड्या-पांढऱ्या तारा तशाच जोडून ठेवल्या, तर वर्गणी एच्. डी. ची जाते आणि चित्र साधें येतें. बत्तीस इंची संचांवर ‘एच्. डी. रेडी’ असें लिहिलेलें असतें. त्यांतील अनेकांत बिंदु १३६६ बाय ७६८ एवढेच असतात, तें पूर्ण एच्. डी. नव्हे.

आतां मासिक खर्च. संच एकदां घेतला जातो, वर्गणी मात्र दरमहा वाहते. महिन्याला शंभर रुपये अधिक म्हणजे पांच वर्षांत सहा हजार. हा आंकडा संचाच्या किमतींत मिळवूनच तुलना करावी. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नियमांमुळें १ फेब्रुवारी २०१९ पासून ग्राहकाला हवी ती वाहिनी सुटी निवडण्याचा अधिकार मिळाला. त्याच नियमांप्रमाणें एकाच वाहिनीचें साधें आणि एच्. डी. अशीं दोन्ही रूपें एका गुच्छांत घालतां येत नाहींत; परंतु निरनिराळे गुच्छ घेतले, तर ग्राहक नकळत दोहोंचे पैसे भरीत असतो. ही यादी वर्षांतून एकदां तपासावी. ज्या घरीं तीन-चार वाहिन्याच पाहिल्या जातात, तेथें त्या तीन-चारच एच्. डी. घेतल्यास भागतें. आणि २००४ सालीं सुरू झालेली दूरदर्शनची विनामूल्य डिश तर मासिक वर्गणीवांचून सह्याद्री वाहिनी घरीं आणते. ज्यांचें पाहणें तेवढ्यावर भागतें, त्यांना हा सारा प्रश्नच पडत नाहीं.

भारी संचाच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे. उत्तम पडद्यावर काळा रंग खरा काळा दिसतो आणि रंग खोल दिसतात. हा गुण अंतरावर अवलंबून नाहीं, तो दुरूनहि जाणवतो. त्रेचाळीस इंचांहून मोठे बहुतेक संच आज ‘फोर-के’चेच येतात, तेव्हां त्या नांवासाठीं निराळे पैसे मोजूं नयेत, एवढेंच. पण त्याचें चित्र बहुधा इंटरनेटवरून घ्यावें लागतें, आणि एका तासास सुमारें सात जी. बी. खर्ची पडतात. जेथें फोनचा रोजचा दीड-दोन जी. बी. हाच आधार आहे, तेथें एका चित्रपटांत आठवड्याची शिदोरी संपेल.

राहतां राहिल्या तीन गोष्टी. पहिली आवाजाची. पडदे पातळ झाले तसे त्यांतील ध्वनिक्षेपकहि लहान झाले, आणि अनेकांत ते मागें वा खालीं तोंड करून बसविलेले असतात. म्हाताऱ्या माणसांची तक्रार पुष्कळदां चित्राची नसून ‘बोललेलें कळत नाहीं’ ही असते. संचाची किंमत थोडी कमी करून एक साधा निराळा ध्वनिक्षेपक खुर्चीजवळ ठेवल्यास अधिक समाधान मिळतें. दुसरी विजेची. पांच तास चालणारा संच सत्तर वॅट अधिक घेत असेल, तर वर्षाकाठीं सुमारें १२८ युनिट अधिक लागतात. संचावरील ताऱ्यांची पट्टी यासाठींच पाहावयाची. तिसरी देखभालीची. पडदा फुटला तर त्याची किंमत जवळजवळ नव्या संचाएवढी होते, आणि दुरुस्त करणारा यवतमाळाहून किंवा वणीहून यावा लागला तर दिवस मोडतो. पावसाळ्यांत जोराची सर आली कीं उपग्रहाचें चित्र जातें, मग वाहिनी साधी असो वा एच्. डी.; आणि विजा चमकूं लागल्या कीं सर्व तारा काढून ठेवाव्या, हें घरांतील प्रत्येकास माहीत असावें.

सारांश, मुकुटबनच्या त्या घरीं काय न्यावें? प्रथम डोळ्यांची तपासणी. मग खुर्चीपासून भिंतीपर्यंतचें माप. दृष्टि सुधारली आणि अंतर नऊ फूट असलें, तर त्रेचाळीस ते पंचावन्न इंचांपर्यंतचा मध्यम प्रतीचा संच, खरी एच्. डी. तार, आवडत्या दोन-तीन एच्. डी. वाहिन्या आणि जवळ ठेवावयाचा एक ध्वनिक्षेपक. दृष्टि सुधारण्याजोगी नसेल, तर खुर्ची दोन-तीन फूट पुढें ओढावी. त्याला एक पैसाहि पडत नाहीं. उरलेल्या पैशांत पुण्याहून मुकुटबनला वर्षांतून आणखी दोन खेपा होतील. नव्या संचापुढें बसून वडिलांनीं सामना एकट्यानें पाहावा, यापेक्षां साध्या संचापुढें बापलेकांनीं तो मिळून पाहावा, यांत आनंद अधिक आहे. आणि त्या आनंदाची स्पष्टता कोणत्याहि बिंदूंनीं मोजतां येत नाहीं.