पणजीचं नाव सांगा पाहू!

तुमच्या पणजीचं नाव काय? आजीचं नाही, पणजीचं. आणि तिचं माहेर कुठलं? फॅमिली ग्रुपवर विचारायचं नाही हं! पणजोबांचं नाव बऱ्याच जणांना येतं, कारण ते आजोबांच्या नावापुढे लागलेलं असतं. पणजीपाशी मात्र गाडी अडते.

हाच प्रश्न मूळच्या आयरिश, पण आता अमेरिकेत राहणाऱ्या तुमच्याच वयाच्या मुलीला विचारा. ती सरळ लॅपटॉप उघडेल. आयर्लंडच्या राष्ट्रीय पुराभिलेखागाराने १९०१ आणि १९११च्या जनगणनेचे घरोघरचे फॉर्म स्कॅन करून मोफत ऑनलाइन ठेवलेत. १९११च्या फॉर्मवर घरातल्या प्रत्येकाचं नाव, वय, धर्म, काम, लिहिता-वाचता येतं का, हे तर आहेच. शिवाय बाईच्या लग्नाला किती वर्षं झाली, किती मुलं झाली आणि त्यातली किती जगली, हेही आहे. त्याआधीचं मात्र फारच थोडं उरलंय. १८२१ ते १८५१चे बहुतेक कागद १९२२मध्ये डब्लिनच्या यादवीत जळाले आणि १८६१ ते १८९१चे त्याआधी सरकारनेच नष्ट केले होते. म्हणून या दोन जनगणनांना तिकडे सोन्याचं मोल आहे.

मग आपल्याकडे? देशभर एकाच वेळी पहिली जनगणना झाली १८८१मध्ये. म्हणजे आपणही मागे नव्हतो. पण आपल्या हाती आले ते फक्त आकड्यांचे तक्ते. कोणत्या तालुक्यात किती माणसं, किती साक्षर हे कळतं. तुमचे पणजोबा त्यात कुठे आहेत ते कळत नाही. शिवाय १९४८च्या जनगणना कायद्यानुसार कुटुंबाने दिलेली माहिती गोपनीय असते. त्यामुळे ‘जुनी जनगणना बघू’ हा रस्ता इथे बंद.

पण दुसरे रस्ते आहेत, आणि पनवेलकरांना त्यातला पहिला पाठ असतो: सातबारा. सिडकोचं भूसंपादन, साडेबारा टक्के, विमानतळ या सगळ्यात इथल्या कित्येक घरांना आपण कोणाचे वारस हे कागदावर सिद्ध करावं लागलंय. सातबाऱ्यावर फेरफाराचे नंबर असतात. तो नंबर धरून मागे मागे जायचं. माणूस गेला की वारसांचा फेरफार होतो आणि त्यात कोण कोणाचा मुलगा ते लिहिलेलं असतं. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल मागून मिळतात. अनेक जिल्ह्यांचे ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन करून ठेवलेत.

घरात जमीन नव्हती? मग गावच्या शाळेचं जनरल रजिस्टर बघा. गाव नमुना १४, म्हणजे ज्याला लोक कोतवाल बुक म्हणतात, त्यात जन्म-मृत्यूच्या नोंदी असतात. नाशिक-त्र्यंबकेश्वरला घरातलं कोणी पूर्वी गेलं असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वहीत तुमच्या घराण्याची नामावळ सापडू शकते.

अडचण एकच. खूप मागे गेलात की अक्षर बदलतं आणि मोडी सुरू होते. २०२३मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीचं कुणबी नोंदी शोधण्याचं काम सुरू झालं, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना अचानक मागणी आली होती. पुराभिलेख संचालनालय मोडीचे छोटे वर्ग घेतं. सुट्टीत करण्यासारखा कोर्स आहे, आणि सीव्हीवर वेगळाही दिसेल!

आडनावही पत्ता सांगतं. पनवेलमध्ये १८४९चं बेथ एल सिनेगॉग आहे. इथल्या बेने इस्रायली ज्यूंची आडनावं पनवेलकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर अशी, गावांवरून पडलेली. १९४८नंतर त्यातले बरेच जण इस्राएलला गेले. आज तिथल्या नातवाला आपलं कोकणातलं गाव शोधायचं असेल, तर पहिली खूण त्याच्या आडनावातच आहे.

पण हे गाव बापाकडचं. आईकडचं गाव आडनावात नाही, नामावळीत शोधायलाही कष्ट पडतात. आमच्या घरचा एक जुना वारस फेरफार मी या लेखासाठी काढला. पणजोबांमागे तीन मुलगे आणि दोन मुली. त्यातल्या एका मुलीचं नाव घरात कोणालाच माहीत नव्हतं. पुढच्याच नोंदीत दोघींचं हक्कसोड. एका कागदावर ती आली आणि दुसऱ्यावर निघून गेली.

१९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मुलींची नावं वारस म्हणून लागायला लागली. म्हणून सातबारा वाचताना ‘इतर हक्क’ हा रकाना सोडू नका. बहिणींची नावं बऱ्याचदा तिथेच सापडतात. २००५च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच झाला. आपल्या भागात जमिनीचे भाव काय आहेत ते तुम्हाला सांगायला नको. तेव्हा घरात हक्कसोडावर सही मागितली जाईल, तेव्हा मुलींनो, कागद वाचून मगच पेन उचला.

१९५६च्या आधीच्या बायकांसाठी मात्र बहुतेक वेळा एकच रजिस्टर आहे: घरातली म्हातारी माणसं. तलाठी कार्यालय सोमवारी उघडेल, कागद पुढच्या वर्षीही तिथेच असेल. आजीचं तसं नाही. तेव्हा या रविवारी तिच्याजवळ बसा, मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा आणि तीनच गोष्टी विचारा: तिच्या आईचं नाव, आईचं लग्नाआधीचं नाव, आणि माहेरचं गाव. मग हेच प्रश्न तिच्या सासूबद्दल. सांगताना ती मधेच दुसऱ्याच गोष्टीवर गेली तर जाऊ द्या, रेकॉर्डिंग बंद करू नका.