गुरे नसलेल्या घरची परसबाग : कंपोस्ट खत व गादी वाफा

खेड्यात परसबागेचा विषय निघाला की, ज्या घरी गुरे आहेत, विहिरीचे पाणी आहे व अंगण मोठे आहे अशा घराकडेच प्रथम दृष्टी वळते. प्रात्यक्षिकही बहुधा तेथेच घेतले जाते. ज्याच्या दावणीला एकही जनावर नाही असा शेतमजूर 'आमच्याकडे शेणखत कोठले?' असे म्हणून बाजूला राहतो. वस्तुतः परसबागेची गरज अशाच घराला सर्वांत अधिक असते. त्या घरी भाजी आठवड्याच्या बाजारातून येते, आणि चार दिवस मजुरी बुडाली की पहिली काटछाट भाजीवरच होते.

ही काटछाट अंगावर दिसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या मार्गदर्शनाप्रमाणे प्रौढ माणसाच्या रोजच्या आहारात सुमारे ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात. पाच माणसांच्या घराला म्हणजे दिवसाला २ किलोच्या आसपास भाजी लागेल. अंगणातील दोन वाफे एवढी भाजी पुरवणार नाहीत, आणि रक्तवाढीच्या गोळ्यांची जागाही घेणार नाहीत. परंतु आठवड्यातून तीन-चार वेळा ताजी पालेभाजी ताटात येईल एवढे ते खात्रीने करू शकतात.

शेण हे विरजण होय

कंपोस्ट म्हणजे शेणाचा ढीग, ही समजूत चुकीची आहे. कंपोस्ट हे मुख्यतः पालापाचोळा, तण, भुसकट व घरातील ओला कचरा यांपासून होते. दुधाला लावलेल्या विरजणाप्रमाणे शेणाचे काम फक्त कुजण्याची क्रिया सुरू करून देण्याचे असते. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे जी पद्धत बसवली व सहकारी यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, तीतही शेणकाला व आधीच्या ढिगातील खत यांचा उपयोग विरजणासारखाच केला जात असे. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या ना. दे. पांढरीपांडे यांनी भोके ठेवलेल्या विटांच्या टाक्याची जी पद्धत काढली, ती त्यांच्या नावावरून 'नाडेप' म्हणून देशभर गेली. १० फूट लांब, ६ फूट रुंद व ३ फूट उंच अशा टाक्याला केवळ सुमारे १०० किलो शेण लागते. बाकी सारा काडीकचरा व माती असते.

जेथे चुलीला दुसरे जळण नाही तेथे 'शेणाच्या गोवऱ्या लावू नका' असे सांगून उपयोग होत नाही. मात्र शेजारच्या गोठ्यातील एक पाटीभर शेण कोणालाही मिळू शकते, आणि एका घराच्या ढिगाला तेवढे पुरते.

ढीग कसा रचावा

माघ-फाल्गुनात झाडांची पाने गळतात. तो पालापाचोळा पेटवून न देता गोळा करावा. या सुमारास लावलेला ढीग मृगाच्या पावसापूर्वी तयार होतो.

घराच्या आडोशाला, झाडाच्या सावलीत, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून दूर अशी उंचवट्याची जागा निवडावी. ढीग निदान ३ फूट लांब, ३ फूट रुंद व ३ फूट उंच असावा; याहून लहान ढिगात ऊब टिकत नाही. भोवती तुराट्यांचे कूड करावे. कपाशीच्या पऱ्हाट्या त्यासाठी साठवू नयेत, कारण त्यांवरील किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी राहते.

तळाशी जाड काटक्यांचा अर्धा फूट थर द्यावा, म्हणजे खालून हवा खेळेल. त्यावर अर्धा फूट सुका पालापाचोळा, मग दोन-तीन इंच हिरवे तण व भाजीपाल्याची देठे-साले, मग बादलीभर पाण्यात दोन-तीन किलो शेण कालवून त्यातील थोड्या काल्याचा शिडकावा, आणि वर मूठ-दोन मूठ माती, या क्रमाने थर चढवावेत. सुके अधिक व ओले कमी हे प्रमाण सांभाळावे. शेवटी वरून सुक्या पानांचे वा जुन्या पोत्याचे आच्छादन घालावे.

ओलावा पाहण्यास ढिगातील मूठभर माल दाबून पाहावा. तळहात ओला व्हावा, एखाद-दुसरा थेंब यावा. धार लागता कामा नये. तीन-चार दिवसांत ढीग आतून तापतो. मध्यभागी खुपसलेली काठी थोड्या वेळाने काढली असता हाताला गरम लागावी. ढीग चांगला तापल्यास पुष्कळसे तणांचे बी व रोगजंतू मरतात. पंधराव्या दिवशी, महिन्याने व दोन महिन्यांनी ढीग उलथावा आणि बाहेरचा माल आत घ्यावा. दुर्गंधी आली तर पाणी जास्त झाले असे समजून सुकी पाने मिसळावीत व ढीग उलथावा. ढीग तापलाच नाही तर पाणी शिंपडून थोडा हिरवा पाला व शेणकाला घालावा.

तेलकट-खारट उष्टे, हाडे, प्लास्टिक, काच व रोगट झाडे ढिगात घालू नयेत. हरळीच्या मुळ्या व लव्हाळ्याच्या गाठी घरच्या लहान ढिगात मरतीलच असा भरवसा नसतो. १९५५ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले गाजरगवत आता सर्वत्र माजले आहे. ते फुलावर येण्यापूर्वी, हातात मोजे घालून उपटल्यास ढिगात वापरता येते. फुलावर आलेले मात्र टाळावे.

तीन ते चार महिन्यांत ढीग निम्म्यावर बसतो. खत काळसर, भुसभुशीत व पहिल्या पावसातील मातीच्या वासाचे झाले, आत हात घातला असता ऊब लागेनाशी झाली, की ते पिकले असे समजावे. कच्चे खत वाफ्यात घातल्यास कोवळी रोपे पिवळी पडतात, आणि हुमणी व वाळवीचा उपद्रव वाढतो. उघड्या उकिरड्यावर वर्षभर पडलेल्या खतातील नत्राचा मोठा भाग उन्हावाऱ्याने उडून जातो व पालाश पावसाच्या पाण्याबरोबर ओढ्याला मिळते. म्हणून तयार खतही झाकूनच ठेवावे.

गादी वाफा

काळ्या भारी जमिनीत पावसाचे पाणी मुळाशी साचते, मुळांना हवा मिळत नाही व मिरची-वांग्याची रोपे उभ्याउभी मरतात. त्यावर सोपा उपाय म्हणजे गादी वाफा. दिवसातून सहा तास ऊन मिळेल अशी जागा घ्यावी. १० फूट लांब व ३ फूट रुंद वाफा आखावा, म्हणजे दोन्ही बाजूंनी मधोमध हात पोहोचेल आणि वाफ्यात पाय ठेवावा लागणार नाही. पायाने तुडवलेली माती घट्ट होते व केलेले श्रम वाया जातात. उतार असल्यास वाफ्याची लांबी उताराला आडवी ठेवावी.

जमीन वीतभर खोल खणून ढेकळे फोडावीत. दोन वाफ्यांमधील दीड फुटाच्या वाटेवरची माती उचलून वाफ्यावर चढवावी. वाफा अर्धा फूट उंच होतो. कोकणासारख्या अतिपावसाच्या भागात तो पाऊण ते एक फूट उंच करावा. वर दोन-तीन घमेली पिकलेले खत पसरून वरच्या थरात मिसळावे. उन्हाळ्यात पठारी भागात मात्र उंच वाफा लवकर सुकतो. तेव्हा तो तीन-चार इंचच ठेवावा, कडा किंचित उचलाव्यात आणि पाचोळ्याचे आच्छादन द्यावे.

पावसाळ्यात एका वाफ्यात वांगी व मिरचीची रोपे आणि दुसऱ्यात भेंडी, गवार किंवा चवळी घ्यावी. दोडका व कारली कुंपणावर चढवावीत. हिवाळ्यात मेथी, पालक, कोथिंबीर व मुळा, आणि उन्हाळ्यात माठ, राजगिरा व गवार घ्यावी. पालेभाजीचे बी एकाच दिवशी पेरू नये. वाफ्याचे चार भाग करून आठवड्याला एक भाग पेरावा, म्हणजे भाजी एकदम येऊन वाया जाणार नाही. ज्या वाफ्यात वांगी-मिरची झाली, तेथे पुढील हंगामात शेंगवर्गीय भाजी घ्यावी. शेवगा व कढीपत्ता उत्तरेच्या कडेला लावल्यास त्यांची सावली वाफ्यावर येत नाही.

हिवाळ्यात एका वाफ्यास दिवसाला सुमारे एक बादली पाणी पुरते. भाज्या-धान्य धुतलेले पाणी वाफ्यास चालते. साबणाचे सांडपाणी मात्र पालेभाजीवर घालू नये. ते अळू किंवा केळीकडे वळवावे.

ग्रामकार्यकर्त्यांसाठी

१९५२ साली समाजविकास योजना सुरू झाल्यापासून कंपोस्टच्या खड्ड्यांची मोजणी अनेक वेळा झाली आहे. खड्डा मोजणे सोपे असते. तो वेळेवर उलथला गेला की नाही हे पाहण्यास पुन्हा जावे लागते. म्हणून थोडीच घरे घ्यावीत. प्रत्येक वस्तीत दोन घरे निवडावीत व त्यांतील एक गुरे नसलेले असावे. ढीग ज्या दिवशी रचला ती तारीख व उलथण्याच्या तीन तारखा घराच्या भिंतीवर गेरूने लिहाव्यात आणि त्या तिन्ही दिवशी स्वतः हजर राहावे. परसबागेचे काम बहुधा घरातील स्त्रीच्या हातून होते. तेव्हा माहिती तिलाच द्यावी, आणि तिच्या मजुरीच्या वेळा पाहून जावे. पहिल्या वर्षी एकच ढीग व एकच वाफा पुरे. तो नीट चालला तर दुसऱ्या वाफ्याची आखणी ती स्वतःच करील, आणि तिच्या पिकलेल्या ढिगातील दोन ओंजळी खत शेजारच्या घरी विरजण म्हणून देता येईल.