दीड मिनिटाचा दम

बुलढाणा जिल्ह्यातल्या धामणगाव बढेच्या शिवारात कपाशीला युरियाचा दुसरा डोस पडतो आणि त्यावर दमदार पाऊस होतो, तेव्हा काळ्या मातीतले जिवाणू कामाला लागतात. खतातला काही नत्र पिकाला मिळतो, काही पाण्याबरोबर वाहून जातो आणि थोडा वायू होऊन हवेत निघून जातो. या वायूला रंग नाही, वास असलाच तर किंचित गोडसर. नाव नायट्रस ऑक्साइड. वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या 273 पट भारी पडतो. शेतकऱ्याच्या हिशेबात हे नुकसानच, कारण पैसे मोजून आणलेला नत्र डोळ्यांदेखत उडून जातो, आणि तो दिसतही नाही.

शर्यतीच्या मोटारीच्या डिकीत जी जाड टाकी पट्ट्यांनी आवळलेली असते, तिच्यातही हाच वायू असतो.

नायट्रस म्हणजे पेट्रोलहून जहाल असे काही इंधन, हा समज फार पसरलेला आहे. खरे तर हा वायू स्वतः जळत नाही. त्याच्या रेणूत नायट्रोजनचे दोन अणू आणि ऑक्सिजनचा एक. साधारण 300 अंश सेल्सिअसच्या पुढे तो फुटतो, ऑक्सिजन मोकळा होतो आणि फुटताना थोडी उष्णताही देतो. हवेत वजनाने 23 टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रसमध्ये 36 टक्के. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला पावणेपंधरा किलोच्या आसपास हवा लागते. नायट्रस साडेनऊ किलो पुरतो. इंजिनाची भूक पेट्रोलची कमी आणि हवेची जास्त असते. पंप हवे तेवढे पेट्रोल ओतू शकतो, पण सिलेंडरमध्ये हवा मावते तेवढीच. नायट्रस ही अडचण दूर करतो. आणखी एक फायदा असा, की टाकीतला द्रवरूप वायू बाहेर येताच उकळतो आणि आत जाणारी हवा गार करतो. गार हवा दाट असते, म्हणून तीही जास्त मावते.

या वायूचा प्रवास मोटारीपर्यंत दवाखान्यातून झाला. 1772 मध्ये जोसेफ प्रिस्टलीने तो तयार केला. 1799 मध्ये ब्रिस्टलला हम्फ्री डेव्हीने तो स्वतः हुंगून पाहिला, आणि हुंगणाऱ्यांना येणाऱ्या हसूमुळे ‘लाफिंग गॅस’ हे नाव त्याला चिकटले. 1844 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या होरेस वेल्स या दंतवैद्याने तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली. पुढे तो भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हाताशी आला. दुसऱ्या महायुद्धात जर्मन विमाने उंचावरच्या विरळ हवेत धापा टाकू लागली, तेव्हा ‘जीएम-1’ नावाच्या यंत्रणेतून त्यांच्या इंजिनांना हाच वायू दिला गेला. 1978 मध्ये कॅलिफोर्नियात माइक थर्मोस आणि डेल व्हाझनियन यांनी ‘नायट्रस ऑक्साइड सिस्टिम्स’ ही कंपनी काढली. तिची ‘एनओएस’ ही आद्याक्षरे इतकी रुळली, की पोरे या वायूलाच ‘नॉस’ म्हणू लागली. 2001 चा ‘द फास्ट अँड द फ्युरियस’ आला आणि उरलेले काम सिनेमाने केले.

सिनेमात एक बटण दाबले की गाडी उडते. प्रत्यक्षात त्या बटणामागे बरीच मांडामांड असते. सर्वांत जास्त वापरली जाणारी टाकी 10 पौंडांची, म्हणजे साडेचार किलो वायूची. तिच्यातली नळी तळापर्यंत जाते, कारण वर येणारा वायू नको असतो, द्रव हवा असतो. म्हणून टाकी तिरपी, तोंड गाडीच्या पुढच्या बाजूला करून बसवतात. गाडी झेपावली की द्रव मागे सरकतो, आणि नळीचे टोक नेमके तिथेच असते. टाकीपासून जाळीदार पोलादी आवरणाची नळी बॉनेटखाली येते. तिथे विजेवर उघडणारी झडप असते, सोलेनॉइड. पुढे नोझल आणि त्यात बसवलेले बारीक जेट. जेटचे भोक किती, यावर किती हॉर्सपॉवर वाढणार ते ठरते.

दोन पद्धती मुख्य. ‘ड्राय’ पद्धतीत नोझलमधून नुसता नायट्रस जातो आणि वाढीव पेट्रोलची सोय गाडीच्या इंजेक्टरनी करायची असते. ‘वेट’ पद्धतीत नायट्रस आणि पेट्रोल एकाच नोझलमधून फवारले जातात. खरी मेख पेट्रोलचीच. नायट्रस आला आणि पेट्रोल कमी पडले, तर ज्वाला प्रमाणाबाहेर तापते, इंजिन ठोकायला लागते आणि पिस्टनला भोक पडायला काही सेकंद पुरतात. म्हणून जाणते मिस्त्री टाकीच्या आधी पेट्रोलचा पंप तपासतात. पेट्रोलचा दाब घसरला तर नायट्रस आपोआप बंद करणारा स्विच बसवतात. अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकल्याशिवाय आणि इंजिन ठरावीक फेऱ्यांवर आल्याशिवाय झडप उघडणार नाही, अशी जोडणी करतात. ठिणगी थोडी उशिरा पाडतात. ठोकताळा असा, की प्रत्येक 50 हॉर्सपॉवरमागे दोन अंश. स्पार्क प्लग ‘थंड’ जातीचे घालतात. साध्या चार सिलेंडरच्या इंजिनाला 40 ते 60 हॉर्सपॉवरपुढे नेताना पिस्टन, रिंगा, हेड गॅस्केट सगळ्यांचाच विचार करावा लागतो. सिनेमात गाडीतून उडणारा तो पांढरा फवारा म्हणजे तर निव्वळ नळीतली हवा काढून टाकणे. त्याने गाडी एक इंचही पुढे जात नाही.

परदेशी कॅटलॉगात टाकी ऊबदार ठेवायचा विजेचा हीटर मिळतो, कारण टाकी गार असली की दाब पडतो. साधारण 900 ते 950 पीएसआय हवा. आपल्याकडची अडचण बरोबर उलटी. नायट्रस 36.4 अंशांपर्यंतच द्रव राहू शकतो. त्यापुढे कितीही दाबा, तो द्रव होत नाही. बुलढाणा जिल्ह्याच्या मैदानी भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हात उभ्या गाडीची डिकी त्याहून तापलेली असते. द्रवाच्या मापाने निवडलेल्या जेटचे गणित तिथे कोलमडते. टाकी वाजवीपेक्षा जास्त भरली असेल तर दाब झपाट्याने चढतो आणि तोंडाशी असलेली सुरक्षा-चकती फुटून सगळा वायू निघून जातो. इथे हीटरऐवजी सावली आणि ओले गोणपाट लागेल. टाकीत किती शिल्लक आहे ते दाबाच्या काट्यावर कळत नाही, कारण द्रव असेपर्यंत दाब फारसा हलत नाही. घरच्या गॅसच्या टाकीसारखे वजनच करावे लागते.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगता येते. असे सिलेंडर ‘गॅस सिलेंडर्स रूल्स, 2016’ खाली येतात आणि त्यांवर देखरेख करणाऱ्या ‘पेसो’ या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीने दिलेल्या रचनेत फेरफार करू देत नाही. 2019 च्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक फेरफाराला 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. तेव्हा नायट्रसची जागा बंदिस्त धावपट्टीवर. आंबी व्हॅलीच्या विमान-धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ ही ड्रॅग शर्यत भरत आली आहे. 402 मीटरची सरळ धाव, समोर घड्याळ.

विदर्भात बैलजोड्यांचा शंकरपट पाहिलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. तिथेही धाव सरळ, निकाल सेकंदांत. पण पटाची जोडी दाव्याला असते तेव्हाच घडते. सरकी, पेंड, रोजची मालिश, खुरांची निगा. धुरकऱ्याच्या आरोळीने ती अंगातले सगळे बाहेर काढते, अंगात नसलेले काढत नाही. साडेचार किलोची टाकी 100 हॉर्सपॉवरच्या मापाने सलग सोडली, तर दीड मिनिटाच्या आसपास संपते. तेवढ्या वेळात इंजिनाची आधीची सगळी निगा किंवा सगळी हयगय उघडी पडते. काळ्या मातीचेही तसेच आहे. युरियाचा डोस वाढवला म्हणून कपाशी तेवढीच वाढत नाही. पिकाला पेलवले नाही ते हवेत जाते.