अकरा महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट, बारा महिन्यांची बाग

कुठल्याही शनिवारी संध्याकाळी नर्सरीत डोकावून बघा. आयटीवाले, बँकवाले, नुकतंच लग्न झालेली जोडपी, सगळ्यांच्या हातात कुंड्या! एक गुलाब, एक जास्वंद, एक शेवंती आणि ‘हे कसलं हो, काका?’ असं विचारत उचललेलं एखादं अनोळखी रोप. दोन महिन्यांनी बऱ्याच कुंड्यांत नुसती काडी उरते. मग निष्कर्ष ठरलेला, ‘आपल्या हाताला यश नाही!’

मला हे अजिबात पटत नाही. माझ्या भाड्याच्या फ्लॅटच्या बाल्कनीत नऊ कुंड्या आहेत आणि ऑफिसच्या वेळा तुमच्यासारख्याच अडनिड्या. बाग टिकते ती सवयीवर. रोजची दोन मिनिटं आणि प्रत्येक ऋतूत एक काम. बस्स!

रोजची दोन मिनिटं

सकाळचा चहा घेऊन बाल्कनीत या. कुंडीच्या मातीत बोट दोन पेरं खुपसा. ओलं लागलं तर पाणी नाही, कोरडं लागलं तरच द्यायचं, तेही खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. नवशिक्यांची झाडं तहानेपेक्षा अतिलाडानेच जास्त मरतात. मुळांना हवाही लागते. माती सतत चिकचिकीत राहिली की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत आणि पानं माना टाकतात. आपल्याला वाटतं तहान लागली, म्हणून आपण आणखी एक तांब्या ओततो. संपलाच विषय!

दुसरं मिनिट पानांच्या मागची बाजू बघायला. जास्वंदीवर कापसासारखे पांढरे ठिपके दिसले की समजा, पिठ्या ढेकूण आला. लिटरभर पाण्यात चमचाभर कडुनिंबाचं तेल आणि लिक्विड सोपचे चार थेंब घालून संध्याकाळी फवारा. पहिल्या आठवड्यात दिसला तर तो आटोक्यात येतो, महिन्याने दिसला तर झाडच जातं.

पावसाळा : फुकटची झाडं

७ जूनच्या आसपास मृग लागतो आणि एकदा पाऊस नीट सुरू झाला की फांद्या लावायचा सीझन उघडतो. शेजारच्या काकूंकडून जास्वंदीची पेन्सिलएवढी जाड फांदी, पानओव्याचं एक डहाळं आणि गवती चहाचा मुळासकट एक ठोंब मागून आणा. हवेत दमटपणा असतो, त्यामुळे फांद्या पटकन जीव धरतात. एक मात्र पाळा. कुंडीखालच्या ताटल्यांमधलं पाणी आठवड्यातून दोनदा ओता, कारण डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो.

हिवाळा : खायचं काहीतरी

ऑक्टोबर हीट सरली, दिवाळीचा फराळ संपला की पेरणी करा. सुरुवात मेथीने. स्वयंपाकघरातल्या डब्यातले मूठभर मेथीदाणे रात्रभर भिजवून पसरट कुंडीत पेरा. तीन-चार दिवसांत कोंब, महिनाभरात भाजी. इतका झटपट रिझल्ट अप्रेझलमध्येही मिळत नाही! कोथिंबीर मात्र निवांत गडी आहे. धने लाटण्याने हलकेच दाबून दोन भाग करा आणि पेरल्यावर आठ ते पंधरा दिवस वाट बघा. जानेवारीच्या अखेरीस पुणेकरांनी एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन जरूर बघावं. आपल्या हवेत काय छान येतं, ते एका फेरीत कळतं.

त्याच सुमारास मोगरा छाटा. निम्म्यापर्यंत कापताना जिवावर येईल, पण मोगऱ्याला फुलं नव्या फुटीवर येतात. छाटून मूठभर कंपोस्ट घातलं की ऐन उन्हाळ्यात बाल्कनी घमघमते.

उन्हाळा : फक्त सांभाळा

एप्रिल-मेमध्ये नवीन काही लावायचं नाही. मातीवर सुक्या पानांचा किंवा नारळाच्या शेंड्यांचा दोन इंचांचा थर द्या, म्हणजे ओल टिकते. पश्चिमेची बाल्कनी असेल तर हिरवी जाळी बांधा. पाणी सकाळी लवकर द्या. चार दिवस गावी जाताय? सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. पाण्याच्या बादलीत सुती दोरीचं एक टोक आणि दुसरं मातीत खोचा. बादली कुंडीपेक्षा थोडी उंचावर हवी.

आणि घर बदललं तर?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. ‘अगं, अकरा महिन्यांनी घर सोडायचं, कशाला पसारा?’ म्हणूनच तर कुंड्या! ग्रो बॅग किंवा प्लॅस्टिकच्या हलक्या कुंड्या घ्या. शिफ्टिंगच्या आदल्या दिवशी पाणी देऊ नका, म्हणजे टेम्पोत चढवताना वजन कमी भरतं. नव्या घरी ऊन कुठे येतं ते आठवडाभर बघा आणि मग जागा ठरवा. चार-पाच तास ऊन मिळालं तर मोगरा, तुळस, जास्वंद. उत्तरेच्या बाल्कनीत मनी प्लांट आणि स्नेक प्लांट.

भाड्याच्या घरात भिंतीला खिळा ठोकायचा तरी मालकाला विचारावं लागतं. कुंडीतलं रोप मात्र पूर्ण आपलं असतं आणि ते पुढच्या पत्त्यावरही सोबत येतं.

तेव्हा या शनिवारी नर्सरीत जा, पण सहा नको, एकच कुंडी आणा. महिनाभर रोज बोट खुपसून बघा. ती टिकली की दुसरी!