सूर्याच्या फोटोवरचे पांढरे ठिपके

बुवापाड्यातल्या आमच्या बचत गटांच्या मोबाइलवर मध्यंतरी सूर्याचा एक फोटो फिरत होता. फोटोभर पांढरे ठिपके आणि रेघा. खाली लिहिलेलं, 'आकाशातून आग पडणार', आणि शांतीच्या पूजेसाठी पैसे पाठवायचा नंबर. काही जणी खरंच पैसे काढायला निघाल्या होत्या. म्हणून आज हे ठिपके कुठून येतात ते सांगतो.

सूर्याचे फोटो काढणारं आपलंही यान आहे, आदित्य एल१. इस्रोने ते २ सप्टेंबर २०२३ला सोडलं. पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर ते असतं. त्यावरची 'सूट' ही दुर्बीण पुण्याच्या आयुका संस्थेने इस्रोबरोबर तयार केली.

तिच्या कॅमेऱ्यात सिलिकॉनचा पातळ तुकडा असतो. त्यावर ठिपक्यांच्या रांगोळीसारखे बारीक कप्पे, आडवे ४,०९६ आणि उभेही तेवढेच. म्हणजे दीड कोटीच्या वर! कप्प्यात जेवढा उजेड पडेल तेवढी वीज साठते, ती मोजून चित्र बनतं.

आता सूर्याकडून आणि त्याहून लांबून अतिवेगवान कण येत असतात. आपल्याला पृथ्वीचं चुंबकत्व आणि हवा वाचवते. यानाला ते छप्पर नाही. कण कप्प्यात घुसला की उजेड नसतानाही वीज साठते, आणि फोटोत पांढरा ठिपका उमटतो. तिरका घुसला तर रेघ. सूर्यावर मोठा स्फोट झाला की फोटोवर तांदूळ सांडल्यासारखं दिसतं. १९९५ साली सोडलेल्या 'सोहो' यानाच्या फोटोंत हे अनेकदा दिसलंय. आग कॅमेऱ्याच्या बाहेर कुठेच नसते.

एक्स-रेच्या खोलीत शिशाचा एप्रन घालतात, तसं कॅमेऱ्यालाही धातूचं कवच असतं. पण यानात वजन किती वाढवणार? काही कण आत शिरतातच. मग लागोपाठचे फोटो शेजारी ठेवून बघतात. ठिपका एकाच फोटोत असेल तर तो कणाचा; सूर्यावरचा खरा डाग पुढच्या फोटोतही दिसतो. एखादा कप्पा कायमचा बिघडला तर तो प्रत्येक फोटोत त्याच जागी चमकतो, अगदी अंधारातल्या फोटोतही. त्यावरूनच तो ओळखतात.

गुरू ग्रहाभोवती फिरणाऱ्या नासाच्या 'जुनो' यानाचा कॅमेरा तर अशा माऱ्याने पार खराब झाला होता. तिथे मिस्त्री कसा पोचणार? शास्त्रज्ञांनी इथूनच हुकूम देऊन कॅमेऱ्याचा हीटर चढवला आणि तो चांगला शेकून काढला. काही दिवस काहीच फरक पडेना. मग चित्रं सुधारू लागली, आणि ३० डिसेंबर २०२३ला यान गुरूच्या 'आयो' या चंद्राजवळून गेलं तेव्हा त्याचे डोंगर स्पष्ट दिसले.